गाडीचे पासिंग कशासाठी?



बाजारात बैल घेताना आपण रंगवलेल्या शिंगांवर भुलत नाही. दात बघतो, चालवून बघतो, मगच व्यवहार. मोटारीचेही तसेच आहे. रंग नवा असला म्हणून गाडी धडधाकट असतेच असे नाही. म्हणून सरकारने तपासणी ठेवली आहे. बोलताना आपण तिला 'पासिंग' म्हणतो. पास झालेल्या गाडीला मिळते ते 'योग्यता प्रमाणपत्र'.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५६ प्रमाणे भाड्याने माणसे किंवा माल नेणाऱ्या गाड्यांना हे प्रमाणपत्र लागते. एस. टी., जीप, रिक्षा, ट्रक, शाळेची बस, सगळे यात आले. प्रमाणपत्र नसेल तर गाडीची नोंदणीसुद्धा वैध धरत नाहीत. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांसाठी मिळते, पुढे दरवर्षी घ्यावे लागते. घरच्या मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षे चालते. मग गाडी तपासून पुढे ५ वर्षांची मुदत मिळते.

तपासणीत काय बघतात?

१) ब्रेक : वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला सुमारे चौपट अंतर लागते. त्यात ब्रेक ढिला असला तर विचारायलाच नको.
२) टायर : टायरच्या खाचा रस्त्यावरचे पाणी बाहेर टाकतात. टायर गोटा झाला की पावसात गाडी घसरते. मोटार, ट्रकच्या टायरला निदान १.६ मिलिमीटर खोल खाच हवी, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी. तेवढीही नसेल तर टायर बदलायलाच हवा.
३) स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, वायपर.
४) मागचे लाल रिफ्लेक्टर : अंधारात बंद पडलेली गाडी यांच्यामुळेच दिसते.
५) धूर : याचे पीयूसी प्रमाणपत्र वेगळे असते.

आता मुख्य गोष्ट. प्रमाणपत्र त्या दिवसाच्या तपासणीवर मिळते. पासिंगपुरते दुसऱ्याचे चांगले टायर चढवले आणि घरी येऊन जुने लावले, तर कागद मिळतो, पण फसतो कोण? आत बसलेली माणसे. म्हणजे आपणच! सायबांनी एकदा बघितले, तरी रोज सकाळी मालकाने अन् ड्रायव्हरने बघायलाच पाहिजे.

पालकहो, पोराला गाडीत बसवताना 'पासिंग कधीपर्यंत आहे, भाऊ?' एवढे विचारा. यात भांडण कसले? एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर घातला तरी मुदत दिसते.

करून पाहा : घरच्या गाडीचा किंवा ट्रॉलीचा मागचा रिफ्लेक्टर ओल्या फडक्याने पुसा. संध्याकाळी थोडे दूर उभे राहून त्यावर बॅटरीचा उजेड पाडा. चमकला नाही, तर घरच्यांना लगेच सांगा.