कू बंद झालं, कीबोर्ड चालू आहे

'डिजिटल मराठी' म्हटलं की आपण लगेच कुठलं नवं अ‍ॅप आलंय ते शोधतो. या पाठात दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहू. एक खूप गाजली आणि साधारण चार वर्षांत संपली. दुसरीची जाहिरात आपल्यापैकी कुणी पाहिली नसेल.

पहिली 'कू'. अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी 2020 मध्ये बेंगळुरूत सुरू केलेलं. ट्विटरसारखंच, पण भारतीय भाषांसाठी. मराठीही त्यात होती. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकार आणि ट्विटर यांच्यात वाजलं, तेव्हा मंत्री आणि सरकारी खाती 'कू'वर आली. मे महिन्यात टायगर ग्लोबलच्या पुढाकाराने 3 कोटी डॉलर मिळाले. पुढे नायजेरियाने ट्विटर बंद केलं, तर हे तिथेही पोचलं. जुलै 2024 मध्ये, विक्रीची बोलणी फिसकटल्यावर, 'कू' बंद झालं.

कल्पना वाईट नव्हती, हे मान्य करायला हवं. आपल्या भाषेत लिहायची भूक खरी होती. पण वापरणारे किती, याचाच गाजावाजा झाला. रोजचा खर्च कुठून निघणार, हा प्रश्न मागे राहिला.

शिक्षणाच्या बाजारात तर याहून मोठा आवाज होता. मुंबईच्या व्हाइटहॅट ज्युनिअरच्या जाहिरातीत 'वुल्फ गुप्ता' नावाच्या मुलाला कोट्यवधींची नोकरी लागलेली असायची. असा मुलगा नव्हताच! ही कंपनी 2020 मध्ये 30 कोटी डॉलरला विकत घेणाऱ्या बायजूजची किंमत 2022 मध्ये 2,200 कोटी डॉलर धरली जात होती. जुलै 2024 मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. असली किंमत म्हणजे पुढे काय होईल यावर गुंतवणूकदारांनी लावलेला अंदाज असतो, गल्ल्यात जमलेली रक्कम नव्हे.

आता दुसरी गोष्ट: इन्स्क्रिप्ट कीबोर्ड. 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी हा आराखडा ठरवला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. विंडोजमध्ये तो आधीच असतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा तेवढी जोडायची. पैसे नाहीत, नेट नको.

याला जोड युनिकोडची. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे, 'ळ'चा 0933. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये अक्षराचा चेहरा मराठी आणि आत रोमन अक्षर असायचं, म्हणून दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की गिचमीड दिसे. युनिकोडमध्ये लिहिलेलं कुठेही मराठीच उघडतं. मोबाइलवरचा जीबोर्ड एका परदेशी कंपनीचा आहे, पण तोही युनिकोडच लिहितो. उद्या तो बंद झाला तरी तुमचा लेख वाचता येईल. मला फरक इथे वाटतो: कंपनी देशी की विदेशी यापेक्षा, आपलं लिहिलेलं आपल्या हातात राहतं का?

आपल्या बुऱ्हाणपुरात एक जास्तीची अडचण आहे. आजूबाजूला सगळं हिंदी, फोनलाही हिंदीच कीबोर्ड. मग 'ळ' शोधत बसावं लागतं, आणि 'ऱ्य' सोडूनच दिला जातो. परिणाम गमतीचा होतो. 'आचार्यांना' बोलावलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. गावाचं नावसुद्धा 'बुर्हाणपूर' असं उमटतं! म्हणून जीबोर्डमध्ये मराठी वेगळी जोडा. संगणकावर इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-एन दाबलं की 'ळ', शिफ्ट-जे दाबलं की 'ऱ', मग डी दाबून हलन्त आणि पुढचं व्यंजन. बोलून टाइप करणं वेगाचं आहे, जरूर वापरा; फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि हे 'ऱ्य' नंतर डोळ्यांनी तपासा.

नवं अ‍ॅप घेऊन कुणी कॉलेजात आलं तर त्याला दोनच गोष्टी विचारा: तुमचे पैसे कुठून येतात, आणि माझं लिखाण साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतं का? उत्तराऐवजी कूपन मिळालं तर समजून जा.

पुढच्या अंकासाठी लेख युनिकोडमध्येच टाइप करून पाठवा, फोटो काढून नको. एक प्रत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये स्वतःजवळ ठेवा. सरावाला 'सुऱ्या', 'सूर्या', 'तऱ्हा', 'केळी', 'कपाळ' हे शब्द रोज दहा मिनिटं टाइप करा; आठवड्याभरात बोटांना जागा सापडतात.