मुखदुर्गंधी, जायफळ आणि पेटंट

जिभेच्या मागील भागावर ऑक्सिजनविना वाढणारे जीवाणू प्रथिनांचे विघटन करतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखी गंधकयुक्त संयुगे निर्माण होऊन मुखदुर्गंधी उद्भवते. मुखाच्या सुगंधासाठी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जायफळ, लवंग, वेलची, कापूर तोंडात धरण्यास सांगितले आहे. अर्थात, हिरड्यांचा रोग असल्यास दंतवैद्यकीय उपचारांस पर्याय नाही.

हेच जायफळ पुढे पेटंटच्या वादात सापडले. त्याचा अर्क असलेल्या मुखधावनासाठी कोलगेट-पामोलिव्ह या अमेरिकी कंपनीने युरोपीय पेटंट कार्यालयाकडे अर्ज केला होता. शोध नवा नसेल तर पेटंट मिळत नाही. मात्र पूर्वज्ञानाचा पुरावा परीक्षकास वाचता येईल अशा भाषेत असावा लागतो. नेमकी हीच उणीव दिल्लीस्थित वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालयाने (टीकेडीएल, 2001) भरून काढली. संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांतील औषधयोग तेथे पाच आंतरराष्ट्रीय भाषांत नोंदलेले आहेत. त्यांतील पुरावे सादर झाल्यावर हे पेटंट रोखले गेल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले. हळदीचे अमेरिकी पेटंट मात्र 1995 मध्ये मंजूर झाल्यावर, 1997 मध्ये रद्द करवून घ्यावे लागले होते.