गुंडाळलेले पान की शिंप्याचे घरटे?

खरीप वांग्याच्या शेतातून ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत शिवारफेरी निघाली, म्हणजे मंडळींचे लक्ष साहजिकच गुंडाळलेल्या पानांकडे जाते. अशी पाने आतील अळीसकट खुडून नष्ट करावीत, हा सल्ला शेतकऱ्यांना नेहमी दिला जातो व तो योग्यही आहे. परंतु प्रत्येक गुंडाळलेले पान अळीचेच असते असे नाही. क्वचित त्या पानाच्या पोटात तीन-चार इवलीशी अंडी किंवा डोळेही न उघडलेली पिले असतात, आणि खुडणाऱ्याच्या ध्यानात येण्यापूर्वीच ते पान पिशवीत पडलेले असते. हे घरटे शिंपी पक्ष्याचे होय.

शिंपी हा चिमणीपेक्षाही लहान पक्षी आहे. त्याची लांबी सुमारे १३ सेंटिमीटर व वजन ६ ते १० ग्रॅम असते. पाठ हिरवट, पोट पांढुरके, माथा तांबूस आणि शेपटी बहुधा उभारलेली. देहाच्या मानाने आवाज मात्र फारच मोठा. पक्षी दिसण्यापूर्वी तो ऐकू येतो. वांगी, भेंडी, लिंबू, अंजीर, सागाची रोपे अशा रुंद किंवा दाट पानांच्या झाडाझुडपांत, बहुधा कमरेच्या उंचीच्या आसपास, तो घरटे करतो.

शिवणकाम मादी करते. एखादे मोठे पान, किंवा जवळजवळची दोन-तीन पाने ती निवडते आणि त्यांच्या कडांना चोचीने बारीक छिद्रे पाडते. या छिद्रांतून कापसाचे तंतू, वनस्पतींचे धागे किंवा कोळ्याच्या जाळ्याचे तंतू ओढून घेऊन ती कडा एकमेकींस जोडते. सुताला गाठ मारलेली नसते. बाहेर आलेले टोक पिंजले जाऊन फुगते व त्यामुळेच टाका मागे सरकत नाही. अशा रीतीने तयार झालेल्या द्रोणात कापूस, म्हातारीचे तंतू, केस इत्यादी मऊ पदार्थांचे अस्तर घातले जाते. पाने देठाशी जोडलेलीच असल्याने हिरवी राहतात, आणि घरटे सहसा दिसत नाही.

वरील वर्णनातच ओळखीची खूण आहे. पाने गुंडाळणाऱ्या अळीने पान दुमडले असेल, तर ते रेशमासारख्या बारीक तंतूंनी चिकटविलेले असते. आतील हिरवा भाग खरवडलेला असतो व पान तपकिरी पडून वाळू लागते. घरट्याच्या पानाला काठाकाठाने छिद्रे व त्यांतून बाहेर आलेले कापसाचे पांढरे ठिपके दिसतात. त्याचे तोंड वरच्या बाजूस उघडे असते. तेव्हा पान खुडण्यापूर्वी त्याची कड एकवार पाहावी. मजूर लावून पाने खुडून घ्यावयाची असल्यास हा फरक त्यांस सकाळीच समजावून सांगावा. संध्याकाळी पिशवी तपासून उपयोग नाही.

शिंप्याचे खाद्य मुख्यत्वे लहान कीटक, त्यांची अंडी व अळ्या. दोघेही नरमादी पिलांना दिवसभर किडे भरवितात. तथापि या पक्ष्यावर विसंबून कीडनियंत्रण सोडून देणे शहाणपणाचे नव्हे. शेंड्यात किंवा फळात शिरलेली अळी त्याच्या चोचीला सापडत नाही, आणि तो पिकाला उपकारक असे कोळीही खातो. दोन-चार पानांच्या मोबदल्यात मिळणारी मदत म्हणून त्याच्याकडे पाहावे, एवढेच. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे.

घरटे आढळल्यास पान वाकवून आत डोकावू नये, टाके उसवतात. आजूबाजूची पाने तोडून वाट मोकळी केल्यास सावली जाते व कावळ्याला घरटे दिसते. भारद्वाजाचे दर्शन शुभ मानले जात असले, तरी लहान पक्ष्यांची घरटी लुटण्यात तोही मागे नाही. शाळेतील मुले बरोबर असतील, तर दोन-दोघांनी पाच-सहा हातांवरून पाहावे आणि पुढे व्हावे.

अंडी उबण्यास सुमारे १२ दिवस लागतात व त्यानंतर पिले साधारण दोन आठवडे घरट्यात राहतात. म्हणजे अडचण फार तर महिन्याभराची. घरट्याच्या झाडाला नव्हे, तर त्याच ओळीत दोन-तीन झाडे सोडून काठी रोवावी. तिच्या आसपासची दहा-पंधरा झाडे फवारणीतून वगळावीत आणि तेथील किडलेले शेंडे व अळीग्रस्त पाने हाताने काढावीत. वाऱ्याच्या दिशेने फवारा घरट्याकडे जाणार नाही, हे पाहावे. मोनोक्रोटोफॉस हे औषध पक्ष्यांना अत्यंत विषारी आहे. भाजीपाल्यावर त्याचा वापर करण्यास २००५ सालीच मनाई झालेली आहे. जुना साठा शिल्लक असल्यास तो वांग्यावर मुळीच वापरू नये. त्या ओळीतील खुरपणी ऊन चढण्यापूर्वी लवकर आटोपावी, कारण पक्षी फार वेळ दूर राहिला तर अंडी किंवा पिले उघडी पडतात.

पिले बाहेर पडल्यावरही काही दिवस जवळच्या झुडपांतच राहतात व नरमादी त्यांना तेथे भरवितात. म्हणून घरटे रिकामे दिसताच फवारणी न करता आणखी आठवडाभर थांबावे आणि मगच काठी उपटावी.