नर्सिंग होमची फाईल: लिहिलं नाही, म्हणजे केलं नाही

आजचा धडा दहा-पंधरा खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्यांसाठी. सुरुवात आपल्या कांदिवलीतूनच करू.

३० मे २०२१. कांदिवली पश्चिमेच्या हिरानंदानी हेरिटेज सोसायटीत कोविड लसीकरणाचं शिबिर झालं. ३९० जणांनी डोसमागे १,२६० रुपये मोजले. पण कोविनचा मेसेज काही आला नाही. सर्टिफिकेटं आली, तीही वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाची. रहिवाशांना संशय आला, प्रकरण पोलिसांत गेलं आणि बनावट लसीकरण उघडं पडलं.

तिथे सरळ फसवणूक होती. तुम्ही तसं काही करत नाही, मान्य. पण लोकांना संशय आला कशावरून? नोंदी जुळत नव्हत्या यावरून. तुमच्या फाईलकडेही रुग्ण, टीपीए आणि ग्राहक आयोग याच नजरेने बघतात. प्रामाणिक डॉक्टरची अर्धवट फाईल आणि लबाडाची फाईल बाहेरून सारखीच दिसते!

नियम काय म्हणतो?

१९९५ साली सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असं स्पष्ट केलं. २००२ च्या मेडिकल कौन्सिल नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. "पेपर हॉस्पिटलचे आहेत, मिळणार नाहीत" असं नातेवाईकांना सांगू नका. सोनोग्राफी असेल तर आणखी जपा. फॉर्म एफ अपुरा भरणं ही नुसती कारकुनी चूक नाही, तो गुन्हा ठरतो. ही तरतूद सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये कायम ठेवली.

मग करायचं काय?

१. तेव्हाच लिहा. सिस्टरने इंजेक्शन दिलं की औषध, मात्रा, वेळ, सही. ड्युटी संपताना आठवून आठवून लिहायचं नाही.

२. खाडाखोड नको. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी योग्य नोंद, तारीख, वेळ, सही. व्हाइटनरची बाटली वॉर्डातून बाहेर काढा.

३. नकारही नोंदवा. रुग्णाने दाखल व्हायला नकार दिला, नातेवाईक सल्ल्याविरुद्ध घरी घेऊन गेले, तर काय समजावलं ते लिहून सही घ्या. संमतीपत्र रुग्णाला समजेल त्या भाषेत हवं. कांदिवलीत मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही प्रती ठेवा.

४. जुळवून बघा. डिस्चार्जआधी केस पेपर, सिस्टरचा चार्ट, औषधांचं बिल आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवा. बिलात सहा सलाईन आणि चार्टवर चार, तर क्लेम अडकलाच समजा.

५. एकाला जबाबदार धरा. "सगळ्यांचं काम" म्हणजे कुणाचंच नाही. कुणी फाईल मागितली की त्याने तारीख-वेळेसह पोच द्यायची.

फाईल कोर्टात गेली आणि मग रिकाम्या जागा भरल्या, तर तिच्यातल्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. राहिलेली नोंद नंतर करावीच लागली, तर आजची तारीख टाकून "उशिरा केलेली नोंद" असं उघड लिहा.

आजचा गृहपाठ: मागच्या महिन्यातल्या कुठल्याही पाच फाईली काढा. वेळ नसलेल्या आणि सही नसलेल्या नोंदी लाल पेनाने वेगळ्या कागदावर मोजा. फाईलवर एक टिंबही टाकू नका. तो आकडा सोमवारी स्टाफसमोर ठेवा. ओरडू नका, फक्त दाखवा. भेटू पुढच्या धड्यात!