नशा सुटली, मेंदूचे काय?

काही महिन्यांपूर्वी एक आई बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगा मुंबईला नोकरीस होता. तिथे 'एमडी'ची सवय लागली, म्हणून गावी आणलेला. "डॉक्टरानु, झीलान सगळा सोडल्यान, तरी तेका रातभर झोप नाय," ती म्हणाली. वडिलांना मात्र खात्री, की पोरगा अजून चोरून घेतो. नशा बंद होऊन दीड महिना झाला होता. तरी बोलता बोलता तो शब्द विसरे, कोणी पाठलाग करते असे त्याला वाटे.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. रसायनांपासून बनणारी ही भुकटी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणली. तरी चोरटे उत्पादन थांबले नाही. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या कारखान्यातून पोलिसांनी मोठा साठा पकडला.

मेंदूतील पेशी डोपामिन, सिरोटोनिन अशा रसायनांच्या मार्फत एकमेकींना निरोप देतात. एमडी ही रसायने एकदम बाहेर काढते. पंप लावून एका दिवसात विहीर उपसावी, तसेच हे. मग झरे सावकाश भरतात. म्हणून नशा सोडल्यावरही निद्रानाश, उदासी, विसराळूपणा आणि संशय काही आठवडे, कधी काही महिने राहतात. प्रत्येक वेळी तो चोरून घेतल्याचा पुरावा नसतो.

सगळेच नुकसान मात्र भरून येत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात काही तरुणांनी बनावट हेरॉइन टोचून घेतले. ते बनवताना त्यात एमपीटीपी हे विष तयार झाले होते. थोड्याच दिवसांत ही तरणी माणसे म्हाताऱ्यांच्या कंपवाताप्रमाणे ताठरली. औषधाने हालचाल सुधारली, पण मेलेल्या पेशी परत आल्या नाहीत. पुडीत नेमके काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

घरच्यांनी एवढे करावे :

१) झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. दारूही नको. एक व्यसन जाऊन दुसरे लागते.

२) झोप पुरी होईपर्यंत मुलाला ट्रॉलरवर पाठवू नये, गाडी चालवू देऊ नये.

३) हातपाय ताठरणे, कंप, झटके, भास किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

४) व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ या क्रमांकांवर फुकट सल्ला मिळतो.

या मुलाला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. तिसऱ्या महिन्यात त्याची झोप सुधारली. विसरभोळेपणा अजून थोडा आहे. मागच्या खेपेला त्याला घेऊन वडील स्वतः आले होते. औषधाइतकाच त्याचाही गुण आला, असे मला वाटते.