आधी वॉर्ड, मग क्लिनिक

चि. सोनूस,


इंटर्नशिप संपली की स्पोर्ट्समध्ये जाऊ की स्वतःचं क्लिनिक टाकू, असं विचारलंस. दोन्हीकडे जा, पण आधी दोन-तीन वर्षं मोठ्या रुग्णालयात काढ. आपल्याकडे फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५३ साली मुंबईच्या केईएममध्ये निघालं, ते पोलिओने लुळी पडलेली मुलं उभी करायची होती म्हणून. आपला पेशा वॉर्डात जन्मला आणि अजूनही तिथेच नीट शिकता येतो.

आयसीयूत पेशंटची छाती मोकळी करताना एक डोळा मॉनिटरवर ठेवायची सवय लागते. ती क्लिनिकमध्ये लागत नाही. न्यूरो वॉर्डात बघशील, अर्धांगवायूच्या पेशंटला उठवताना घरचे मायेने लुळ्या हातालाच धरून ओढतात. त्या खांद्याला आधार देणारे स्नायूच सैल पडलेले असतात. सांधा निसटू लागतो आणि पुढे महिनोन्‌महिने ठणकतो. कसं धरायचं ते घरच्यांना पहिल्याच दिवशी करून दाखव, आणि त्यांच्याकडून करूनही घे. गुडघा बदललेल्या आजींना आराम वाटतो म्हणून कुणीतरी गुडघ्याखाली उशी सरकवतं; मग पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. अशा वेळी उशी काढायला लावणं हेही उपचारच. आणि घरी संडास कसला, जिने किती, झोपायला पलंग आहे की जमिनीवर अंथरूण, हे विचारल्याशिवाय व्यायाम लिहून देऊ नकोस.

कंबर दुखते म्हणून आलेल्याला लघवी-शौचावर ताबा आहे का आणि जांघेत बधिरपणा आहे का, हे न संकोचता विचार. उत्तर खटकलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला सर्जनकडे पाठव. ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तिला चोळायचं नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते. कुणाला हात लावायचा नाही हे कळणं मला सगळ्या तंत्रांपेक्षा मोठं वाटतं.

आता पैशांचं. सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि मशीन लावून दहा सिटिंगचं पॅकेज विकणं सोपं असतं. शेक घेतला की पेशंटलाही बरं वाटतं. पण जुन्या गुडघेदुखीत टिकाऊ फरक पडतो तो मांडीचे स्नायू बळकट झाले की, आणि ते काम पेशंटने घरी रोज करायचं असतं. पाचव्या सिटिंगला तो व्यायाम बिनचूक करत असेल तर सहाव्याला बोलावू नकोस. असे पेशंट चार जणांना तुझं नाव सांगतात.

स्पोर्ट्सची ओढ दोन वर्षांनंतरही राहिली तर एमपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या मास्टर्सला, तोच विषय घे. मी आनंदाने पाठीशी उभी राहीन.

इंटर्नशिपचा दाखला हाती येताच राज्य परिषदेकडे नोंदणीचा अर्ज कर. नोंदणी होईपर्यंत शेजारच्या काकूंची मानसुद्धा उपचार म्हणून हातात घेऊ नकोस.

तुझी,
मावशी