एक बिल्ला, एक टोळी: फिलाडेल्फियाच्या गोदीतली लोकल 8

मासेमारी बंद आहे, बोटी वर ओढल्यात, जाळी दुरुस्तीला काढलीत. दुपारी थोडी सवड मिळते, म्हणून आज जरा लांबचा अभ्यास घेऊ. गोष्ट अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया बंदराची, शंभर वर्षांहून जुनी.

डेलावेअर नदीच्या काठी हे मोठं बंदर. जहाजात माल चढवणारे-उतरवणारे हजारो गोदी कामगार. त्यात आयरिश होते, पोलंड-लिथुआनियातून आलेले होते आणि निदान एक तृतीयांश काळे होते. रोज सकाळी धक्क्यावर जमायचं आणि मुकादम बोट दाखवेल त्याने कामावर जायचं. बाकीचे घरी. टोळ्या जातवार: आयरिशांची वेगळी, पोलिशांची वेगळी, काळ्यांची वेगळी. कंपन्यांना हे फार सोयीचं होतं. एका टोळीने मजुरी वाढवून मागितली की दुसरी टोळी आणून उभी करायची. उपाशी माणूस नाही म्हणत नाही, आणि पहिल्या टोळीचा राग कंपनीवर न जाता त्या दुसऱ्या टोळीवर जायचा.

मे 1913 मध्ये 4,000 हून जास्त गोदी कामगारांनी एकत्र संप केला. दोन युनियन त्यांना आपल्याकडे ओढत होत्या. एक जुनी, गोदी कामगारांचीच, पण बऱ्याच बंदरांत तिच्या शाखा गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या. दुसरी इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड, म्हणजे आय.डब्ल्यू.डब्ल्यू., 1905 ला शिकागोत स्थापन झालेली. तिचं म्हणणं, एका धंद्यातले सगळे एकाच युनियनमध्ये. कामगारांनी ही दुसरी निवडली. संपाच्या कमिटीत प्रत्येक समाजाचा माणूस घेतला. साधारण दोन आठवड्यांत संप जिंकला आणि लोकल 8 ही शाखा उभी राहिली.

तिचा सगळ्यात ओळखीचा पुढारी बेन फ्लेचर. जन्म 1890, फिलाडेल्फियाचाच, काळा, स्वतः गोदीत ओझी उचललेला. बोलायला मोठा तयार. पण माझ्या मते नुसत्या भाषणांवर लोकल 8 टिकली नसती. ती टिकली रोजच्या साध्या नियमांवर. पहिला नियम, टोळ्या मिसळायच्या. गोरा आणि काळा एकाच जहाजाच्या पोटात, एकाच ओझ्याला हात लावणार. दुसरा, वर्गणी भरली की त्या महिन्याचा बिल्ला. चालू महिन्याचा बिल्ला अंगावर नसेल त्याच्याबरोबर कोणी काम करायचं नाही. कंपन्यांशी लेखी करार नव्हता. कुठे गडबड झाली की तिथल्या तिथे काम थांबायचं. सभा एकत्र, सहलीसुद्धा एकत्र. त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हे.

फ्लेचर दुसऱ्या बंदरांतही फिरला. नॉरफोकला तर त्याच्या जिवाला धोका झाला, निघून यावं लागलं. मग अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सरकारने आय.डब्ल्यू.डब्ल्यू.चे पुढारी युद्धाला अडथळा आणल्याच्या आरोपाखाली धरले. गंमत बघा, लोकल 8 चे सभासद तेव्हा युद्धाचाच माल जहाजात चढवत होते. 1918 मध्ये शिकागोत सुमारे शंभर जणांवर खटला चालला. त्यात काळा फक्त एक, फ्लेचर. दहा वर्षं कैद आणि 30,000 डॉलर दंड. फिलाडेल्फियाचे आणखी पुढारीही आत गेले. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या 'द मेसेंजर' मासिकाने त्याच्या सुटकेसाठी आवाज उठवला.

पुढारी तुरुंगात, आणि बाहेर वेगळंच भांडण उभं राहिलं. युद्ध संपलं, जहाजं कमी झाली, काम शोधणारे वाढले. लोकल 8 ने नव्या सभासदाची प्रवेश फी 25 डॉलर केली, म्हणजे असलेल्या सभासदांना काम पुरावं. मुख्य कचेरीचा नियम होता जास्तीत जास्त 2 डॉलर. कचेरी म्हणे, गरीब कामगाराला दार बंद केलंत तर युनियन कसली? शाखा म्हणे, दार उघडं ठेवलं तर सगळ्यांनाच अर्धपोटी राहावं लागेल. यावरून 1920 मध्ये शाखेवर निलंबनाची कारवाईसुद्धा झाली. सोसायटीच्या सचिवाच्या खुर्चीत बसून सांगतो, फीचा वाद मला परका वाटत नाही. दोन्ही बाजूंना थोडं खरं आहे. पण फी भरू न शकणारा जो बाहेर राहिला, तोच पुढे कंपनीच्या हाती लागणार होता, हे मात्र त्यांनी ओळखायला हवं होतं.

1922 च्या ऑक्टोबरात तेच झालं. आठवड्याला 44 तास काम, ही युनियनची मागणी. कंपन्यांनी टाळेबंदी केली आणि बदली माणसं आणली. त्यात दक्षिणेकडून कामाच्या शोधात आलेले काळे पुष्कळ होते. गोरे सभासद काळ्यांकडे संशयाने बघू लागले, आणि नऊ वर्षांत जमवलेला विश्वास काही आठवड्यांत सुटला. लोकल 8 मोडली. टोळ्या परत वेगळ्या झाल्या.

त्याच ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी फ्लेचरची शिक्षा कमी करण्यात आली आणि तो सुटला. पुढे तो न्यूयॉर्कला राहायला गेला. 1933 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला पूर्ण माफी दिली. 1949 मध्ये ब्रुकलिनला तो वारला.